बुडबुडा आला नाही

दौंडच्या रेल्वे शेडमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा, असलेल्या एका माणसाला मी पुण्याची नोकरी मिळू दिली नाही. हे एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला फार वर्षं लागली. आधी कुणी विषय काढला तर मी म्हणायचो, त्यांचा योग आला नाही. कधी म्हणायचो, वय आडवं आलं. माझं नाव त्या वाक्यात कधीच येत नसे.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी शिरूरच्या एका अडत्याचा मुलगा, एम.एस्सी. होऊन पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. मी काय करतो हे वडिलांना सांगता येत नसे. ते गिऱ्हाइकांना ‘पोरगा ॲटममध्ये आहे’ असं सांगत, आणि मी सुट्टीवर घरी आलो की माणसं माझ्यापासून हातभर सरकून बसत.

काम खरं तर साधं होतं. आकाशातून रात्रंदिवस काही कण पृथ्वीवर येत असतात. त्यांत फार जोरात येणारे न्यूट्रॉन असतात, आणि ते मोजायचं यंत्र आम्हाला बनवायचं होतं. त्याचा जीव म्हणजे पितळेची एक नळी: दोन फूट लांब, आत मधोमध केसापेक्षा बारीक तार ताणलेली, दोन्ही तोंडं टोपणांनी बंद, आणि आत बोरॉनचा एक विषारी वायू. न्यूट्रॉन त्या वायूत सापडला की तारेवर विजेचा एक बारीकसा ठोका उमटतो. ठोके मोजले की न्यूट्रॉन मोजले. अशा नळ्या परदेशात तयार मिळत, पण परकीय चलनाचा अर्ज मंत्रालयात कुठंतरी अडकला होता. शेवटी आमचे सर म्हणाले, “आपणच करू. सहा नळ्या करायच्या.”

आमच्या वर्कशॉपमधला लेथवाला आजारपणाच्या लांब रजेवर होता. स्टोअरकीपर रोज दौंडहून शटल गाडीनं येत. ते म्हणाले, “आमच्या गल्लीत एक टर्नर आहेत. शेडमध्ये वीस वर्षं काढलीत, घरीही लेथ टाकलाय. एकदा हात बघा त्यांचा.”

पुढच्या रविवारी मी दौंडला गेलो. बुद्धविहाराच्या मागे पत्र्याचं घर, आणि घराला लागून चार बाय आठची खोली. खोलीत लेथ होता आणि लेथपुढं पन्नाशीला आलेला, बारीक चणीचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पा म्हणू लागलो. मी ड्रॉइंग पुढं केलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

“साहेब, हितं एक थाऊ लिहिलंय. म्हंजी इंचाचा हजारावा भाग. एवढी बारकी फट कशापायी?”

“आत हवा जायला नको, आप्पा. एक कणही नको.”

“आन् ह्यात धरायचं काय?”

मी न्यूट्रॉनबद्दल सांगितलं. जोरात आलेला न्यूट्रॉन नळीतून तसाच निघून जातो, म्हणून नळीभोवती शिसं ठेवायचं. तो शिशावर आदळला की शिशातून चार-सहा छोटे न्यूट्रॉन बाहेर पडतात. मग मेणाचा थर ठेवून त्यांचा वेग कमी करायचा, म्हणजे ते वायूला सापडतात.

आप्पांनी चष्मा पुसला. “म्हंजी मोठा धोंडा आपल्याला पेलत न्हाई. तो खडकावर आपटू द्यायचा, आन् उडाली ती खडी वेचायची.”

मी आजवर हे यंत्र अनेकांना समजावलं आहे. याहून चांगलं कुणाला सांगता आलेलं नाही, मलाही नाही.

त्यानंतर तीन महिने मी जवळजवळ दर रविवारी दौंडला जात होतो. शेडमधली पाळी संपवून आप्पा घरी टोपणं करत. पहिली दोन त्यांनी स्वतःच भंगारात टाकली, मला दाखवलीही नाहीत. तिसऱ्या टोपणात त्यांनी आमच्या ड्रॉइंगमध्ये नसलेली एक खाच पाडली होती. “सांधा जोडाया चांदीचा डाख देताना तो आत वघळतो आन् तारंपातुर जातो. ह्या खाचंत अडंल,” म्हणाले. मी ते सरांना दाखवलं. सर खाचेवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, “हे आपल्याला सुचायला हवं होतं.”

आप्पांच्या पत्नीला मी काकी म्हणायचो. त्या ब्लाउज शिवायच्या. बारीक तार ओवायला आप्पांची नजर पुरेना, तेव्हा काकींनीच पहिली तार ओवून दाखवली. मी तारेला बोट लावायला गेलो तर म्हणाल्या, “हात नका लावू, घाम लागतो. तुम्हीच तर सांगितलं.” पहिल्या महिन्यात मी ‘साहेब’ होतो. दुसऱ्या महिन्यात कधीतरी आप्पा मला अरे-तुरे करू लागले. “जेवला का रं?” असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

त्याच सुमाराला आमच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची एक जागा मंजूर झाली. सर म्हणाले, “त्या टोपणवाल्यांना अर्ज करायला सांग. वयाची अट मी शिथिल करून घेतो.”

मी दौंडला जाऊन सांगितलं. आप्पांनी लेथ थांबवला. मग म्हणाले, “वाफंची इंजनं आता सरत आली. वीस वरसं बुश आन् पिनाच कातल्या. एकदा बारीक काम करायचं हाय, बाबा. हात हाय तवर.” अर्ज मीच लिहिला. सही करताना त्यांनी आधी हात साबणानं धुतले.

आता माझ्याबद्दल.

नळ्या पुण्याला आल्यावर त्यांत वायू भरायचं काम माझं होतं. पितळ कितीही घासलं तरी त्याच्या अंगात ओल दडलेली असते. ती काढायला नळी आतून निर्वात करून बाहेरून तापवत ठेवायची, सलग तीन दिवस. मध्ये पंप बंद करायचा नाही, आणि दर काही तासांनी त्याच्या ओल पकडणाऱ्या गारठवलेल्या सापळ्यात द्रवरूप नायट्रोजन ओतायचा, म्हणजे माणूस तिथंच हवा. ओल राहिली तर ती बोरॉनच्या वायूला हळूहळू नासवते. हे मला तोंडपाठ होतं.

शनिवारी सकाळी तापवणं सुरू केलं. रविवारी दुपारी पाटसला माझा मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मुलीचे वडील तिथल्या साखर कारखान्यात होते. घरून दोनदा निरोप आला होता. रविवारी सकाळी, म्हणजे एका दिवसानंतर, मी तापवणं थांबवलं. सहाही नळ्यांत वायू भरला, वायू भरायची बारीक तांब्याची तोंडं दाबून बंद केली, हात धुतले आणि पाटसची एस.टी. धरली. नोंदवहीत लिहिलं: बहात्तर तास. पुढच्या दोन दिवसांच्या रकान्यांत तापमानाचे आकडेही भरले. फार विचार करावा लागला नाही. पहिल्या दिवसाच्या आकड्यांत एक-दोन अंश इकडेतिकडे केले.

ती मुलगी मला पसंत पडली. मी तिला पसंत पडलो. ती माझी बायको झाली.

यंत्र शिरूरला बसवायचं ठरलं होतं, कारण वर कण अडवणारं सिमेंटचं छत नको होतं. वडिलांच्या कांद्याच्या गोदामाला नुसता पत्रा होता. सर येऊन पाहून गेले आणि खूश झाले. एका कोपऱ्यात शिशाच्या विटा, मेणाच्या लाद्या आणि मध्ये आमच्या सहा नळ्या. पहिले दहा दिवस ठोके छान आले. मग कमी होऊ लागले. दोन महिन्यांत चार नळ्या जवळजवळ मुक्या झाल्या.

सरांनी मला खोलीत बोलावलं. नोंदवही त्यांच्यापुढं उघडी होती.

“वायू नासलाय. एक तर आत ओल राहिली, नाही तर बाहेरून हवा शिरली. तापवणं तीन दिवस झालं होतं ना?”

“हो सर.”

“मग गळतीच. टोपणांपाशी असणार.”

मी काही बोललो नाही. फक्त मान खाली घातली. ती त्यांनी होकारार्थी धरली, आणि ती तशी धरली जावी म्हणूनच मी घातली होती. सरांनी उसासा टाकला. “हात चांगला वाटला होता त्या माणसाचा. जाऊ दे. मुलाखतीला दुसऱ्या कुणाला बोलावू.”

त्या वेळी मला एवढंच बोलायचं होतं की सर, एक दिवसच तापवलं. चार शब्द. फार तर त्यांनी माझी शिष्यवृत्ती थांबवली असती, फार तर सहा महिने वाया गेले असते. तेव्हा मला वाटलं की माझं सगळं आयुष्य जाईल.

मुक्या नळ्या बघायला मी शिरूरला गेलो आणि तिथून आप्पांना कार्ड टाकलं. ‘टोपणांतून गळती असावी असा अंदाज आहे.’ असावी, अंदाज आहे. अशी भाषा मला तेव्हाच येऊ लागली होती.

कार्ड मिळाल्यावरच्या पहिल्या साप्ताहिक सुट्टीला आप्पा शिरूरला आले. दौंडहून एस.टी.नं, हातात अवजारांची कॅनव्हासची पिशवी. गोदामात वडील होते. त्यांनी हमालांसाठी वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात आप्पांना चहा दिला, तोही बाहेर पायरीवर. मी आत उभा राहून ते पाहिलं. आप्पांनी चहा प्यायला, ग्लास स्वतःच विसळला, पालथा घातला आणि आत आले.

“कुठली नळी गळती, दाव.”

मी मुकी झालेली एक नळी दिली. गोदामाबाहेर बैलांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. आप्पांनी बाह्या वर केल्या, नळी पाण्यात बुडवली आणि दोन्ही टोपणांकडे टक लावून बसले. पंधरा मिनिटं झाली.

“बुडबुडा न्हाई,” ते म्हणाले.

“येणारच नाही, आप्पा,” मी म्हणालो. “आतला दाब बाहेरच्या निम्मा आहे. गळती असेल तर पाणी आत जाईल, हवा बाहेर येणार नाही.”

हे शास्त्राला धरून होतं. खरं बोलून खोटं वाचवायची ती माझी पहिली खेप.

आप्पांनी विचार केला. “मग आत दाब भरू. मोकळी नळी हाय का?”

होती. मीच पुण्याला एका नळीतला वायू काढून टाकला होता आणि ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून ती आप्पांना द्यायला आणली होती. आप्पा ती घेऊन शेजारच्या सायकलच्या दुकानात गेले. नळीच्या बारीक तांब्याच्या तोंडाला सायकलचा व्हॉल्व्ह डाखून बसवला. पंपानं हवा भरली, आणखी भरली. मग नळी पुन्हा हौदात.

दुपारचा एक वाजला होता. आप्पा हौदाच्या कडेला उकिडवे बसले. मी समोर उभा. एक बैल पाणी प्यायला आला, त्याला सायकलवाल्यानं हाकललं. वडिलांनी आतून दोनदा जेवायला हाक मारली. आप्पा म्हणाले, “तू जेवून घे.” मी गेलो नाही. दोन वाजले, मग तीन. हौदातलं पाणी इतकं स्थिर झालं होतं की नळीवरचे लेथचे वळसे मोजता आले असते. एकही बुडबुडा आला नाही.

साडेतीनला आप्पांनी नळी बाहेर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि व्हॉल्व्ह सैल केला. भरलेली सगळी हवा फस्सकन बाहेर आली. एवढा वेळ ती आतच होती.

“टोपणं गळत न्हाईत,” ते शांतपणे म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो.

“साहेबास्नी तसं कळवा.”

“कळवतो.”

त्यांनी अवजारं पिशवीत भरली. नजर वर केली, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “येतो, साहेब.” मला तेव्हा जाणवलं की मी पुन्हा साहेब झालो, आणि अरे-तुरे संपलं.

मी सरांना कळवलं नाही.

पुण्याला परतल्यावर सरांना एवढंच म्हणालो की टोपणांचा डाख नव्यानं देऊन बघतो. डाखाला हातही लावला नाही. त्याच नळ्या, तीच टोपणं, तीच खाच. या वेळी तीन दिवस प्रयोगशाळेतच झोपलो, पंपाशेजारी सतरंजी टाकून, वेळच्या वेळी नायट्रोजन ओतत. पुन्हा वायू भरला. नळ्या अशा चालल्या की पुढची कितीतरी वर्षं थांबल्या नाहीत. हवेचा दाब वाढला की ठोके घटायचे, दाब उतरला की वाढायचे, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. मला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाच्या आरंभी मी वर्कशॉपच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानले आहेत. आप्पा कर्मचारी नव्हते.

मेकॅनिकच्या जागेवर एक तरुण आला. चांगला मुलगा होता.

मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे की ती टोपणं आमच्या नात्यातल्या कुणी केली असती, तर मी मान खाली घातली असती का? पायरीवरचा तो चहाचा ग्लास मला दिसतो आणि मी उत्तर पुढं ढकलतो. निदान इथं तरी ढकलत नाही. नसती घातली.

दशक संपत आलं तेव्हा एकदा बायकोला हे सगळं सांगितलं. का सांगितलं ते नीट आठवत नाही. बहुधा कुणीतरी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“त्या रविवारी तुम्ही आला नसता तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “आम्ही पुढच्या रविवारी बोलावलं असतं. बाबांनी तसं ठरवलंही होतं.” मग म्हणाली, “त्यांना सांगितलंत का?”

मी दौंडला गेलो. आप्पांचे केस पांढरे झाले होते, लेथ तोच होता. काकींनी पाणी दिलं. मी बसून सगळं सांगितलं: एक दिवस तापवलं, बहात्तर लिहिलं, सरांपुढं गप्प बसलो, हौदावरची गोष्ट सांगितली नाही.

आप्पा म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं.”

“कसं?”

“मी पाण्याकडं बघत हुतो. तुम्ही माझ्याकडं बघत हुता. ज्याला शंका असती तो पाण्याकडं बघतो.”

काकी दारात उभ्या होत्या. मग आप्पांनी विचारलं, “तुमच्या साहेबास्नी सांगितलं?”

“नाही. ते आता बेळगावला असतात.”

“मग मला काय सांगता? मला तर ठावं हुतं. ज्याला ठावं न्हाई त्याला सांगा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण कशासाठी ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात सरांना पत्र लिहिलं. या वेळी ‘असावं’ आणि ‘अंदाज’ टाळले. सरांचं मला उत्तर आलं नाही. महिन्याभरानं दौंडहून कार्ड आलं, काकींच्या अक्षरात: ‘साहेबांचं इंग्रजी पत्र आलं आहे. वाचायला यावे.’

गेलो तर आप्पांनी पाकीट पुढं केलं. फोडलेलं होतं. मी म्हणालो, “इथं कुणी वाचून दाखवलं नाही?”

“शाळंचा मास्तर हाय शेजारी. पर तुम्हीच वाचा. मराठीत सांगा.”

एका पानाचं पत्र होतं; सरांना मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. सरांनी लिहिलं होतं की तुमचं काम निर्दोष होतं. मी स्वतः टोपणं तपासायला हवी होती, तपासली नाहीत. वहीवर विश्वास ठेवला आणि हाताला विसरलो. तुमची जागा गेली याचा दोष माझाही आहे. पुढच्या परिच्छेदात माझ्याबद्दल लिहिलं होतं. तिथं मी थांबलो.

“काय लिहिलंय?” काकींनी विचारलं.

मी वाचलं. “‘माझ्या विद्यार्थ्यानं केलेली चूक कुणाकडूनही होते. त्यानंतर त्यानं जे केलं ती चूक नव्हती, ते त्यानं निवडलं होतं. त्याला मी शिकवलं, याची मला लाज वाटते.’”

आप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढं ठेवलं. “आत्ता सांगितलं ते हितं खाली मराठीत लिहा. सगळं. शेवटचं बी. आन् सही करा.”

मी लिहिलं. पान पुरेना, मागच्या बाजूला गेलो. सही केली, तारीख घातली. काकींनी ते एकदा मनात, एकदा मोठ्यानं वाचलं आणि नोकरीचे कागद ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

आप्पा तोवर लेथपाशी गेले होते. कुणाच्या तरी विहिरीवरच्या इंजिनाचा बुश चकमध्ये बांधलेला होता, आणि संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. मी निरोप घ्यायला दारात उभा राहिलो. त्यांनी मायक्रोमीटर डोळ्याजवळ नेला, मग मान न वळवता म्हणाले, “साहेब, जरा उजेडातनं बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो. पुण्याच्या शटलला अजून तास होता. स्टेशनवर जाऊन बाकावर बसून राहिलो.